अंगणवाडीचे दार कोणासाठी?

मूल प्राथमिक शाळेच्या पहिल्या इयत्तेत दाखल झाले म्हणजे त्याच्या शिक्षणाचा श्रीगणेशा झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. वस्तुतः त्या दिवसापर्यंत बालकाच्या जडणघडणीची फार मोलाची वर्षे मागे पडलेली असतात. मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहा वर्षांपूर्वीच होते, याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने लक्ष वेधले आहे. भाषा, हाताबोटांचे कौशल्य, चार मुलांत मिसळण्याची सवय, ऐकण्याची व प्रश्न विचारण्याची वृत्ती यांचा पाया याच काळात घातला जातो. ज्या घरात पुस्तक नाही, आईवडील दिवसभर मजुरीवर असतात, त्या घरातील मुलाला हा पाया घरी लाभणे कठीण. म्हणूनच शाळापूर्व शिक्षणाची सार्वजनिक व्यवस्था उभारण्यात आली आहे.

या व्यवस्थेचा लाभ कोणाला मिळू शकतो, याविषयी मात्र गावोगावी निरनिराळे समज आढळतात. अंगणवाडी ही केवळ दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठी आहे, असे कोणी मानतो. आधार कार्डाशिवाय नाव घेता येत नाही, असे कोणी सांगतो. जून महिना उलटला की प्रवेश बंद, असेही काही पालक गृहीत धरतात. या समजुतींमुळे जी बालके बाहेर राहतात, ती बहुधा ज्यांना या शिक्षणाची सर्वाधिक गरज आहे तीच असतात. त्यामुळे पात्रतेचे नियम काय आहेत, हे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना नेमकेपणाने ठाऊक असणे अगत्याचे आहे.

अंगणात आलेली शाळा

‘अंगणवाडी’ या शब्दातच या कार्याचे मर्म सामावलेले आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ यांची त्यांना साथ लाभली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी वस्तीत गेले. गरीब व आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, असा अनुभव आल्यावर या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. मुले जेथे होती तेथेच, त्यांच्या वाडीच्या अंगणात, त्यांनी बालवाडी नेली. मुलाने शाळेसाठी पात्र ठरावे, यापेक्षा शाळेने मुलापर्यंत पोहोचावे, हा विचार तेथून रुजला.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. महाराष्ट्रात मेळघाटातील धारणी व मुंबईतील धारावी येथे तिचा आरंभ झाला. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा या योजनेत एकत्र गुंफण्यात आल्या. आज ‘सक्षम अंगणवाडी व पोषण २.०’ या नावाखाली हे कार्य चालते, आणि राज्यातील अंगणवाड्यांची संख्या एक लाखाहून अधिक आहे.

पात्रता एकच : वय

अंगणवाडीतील शाळापूर्व शिक्षणासाठी तीन वर्षे पूर्ण झालेले व सहा वर्षे पूर्ण न झालेले प्रत्येक बालक पात्र असते. जात, धर्म, उत्पन्न, शिधापत्रिकेचा रंग, आईवडिलांचा व्यवसाय किंवा घराची भाषा यांपैकी कोणतीही बाब पात्रता ठरविताना विचारात घेतली जात नाही. कोरकू, वारली वा गोंडी बोलणाऱ्या घरातील मुलाला मराठी येत नाही, हे त्याला प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट त्याला अंगणवाडीत आणण्याचे ते एक अधिकचे कारण होय.

हा नियम केवळ प्रशासकीय सौजन्याचा भाग नाही. अन्नाच्या हक्कासंबंधीच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये असे स्पष्ट केले की, या योजनेसाठी दारिद्र्यरेषा हा पात्रतेचा निकष म्हणून वापरता येणार नाही. त्यानंतर १३ डिसेंबर २००६ च्या आदेशाने, सहा वर्षांखालील सर्व बालकांपर्यंत योजनेच्या सर्व सेवा पोहोचविण्याचे बंधन शासनावर आले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकाला स्थानिक अंगणवाडीमार्फत वयानुरूप विनामूल्य आहार मिळण्याचा हक्क दिला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता व गरम ताजे अन्न अंगणवाडीतच द्यावयाचे असते.

शिक्षणाच्या बाबतीत कायद्याची भाषा काहीशी सौम्य आहे, हेही समजून घेतले पाहिजे. राज्यघटनेच्या २१-अ या अनुच्छेदाने दिलेला शिक्षणाचा मूलभूत हक्क सहा ते चौदा वर्षे या वयोगटापुरता आहे. सहा वर्षांखालील बालकांचे संगोपन व शिक्षण हा विषय अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत येतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नुसार तीन वर्षांवरील बालकांच्या विनामूल्य शाळापूर्व शिक्षणाची आवश्यक ती व्यवस्था शासनाने करावी, अशी योजना आहे. अंगणवाड्या अन्नसुरक्षा कायद्याखालील व या कलमाखालील वैधानिक कर्तव्ये पार पाडतात, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये नमूद केले. तथापि, आहार हा बालकाचा थेट हक्क आहे, तर शिक्षण ही शासनाने करावयाची तरतूद आहे, एवढा भेद आजही शिल्लक आहे. हक्क डावलला गेल्यास कायदा जाब विचारतो. तरतूद डावलली गेल्यास तो जाब गावाला विचारावा लागतो. म्हणूनच स्थानिक दक्षतेला येथे विशेष महत्त्व प्राप्त होते.

वयाची मोजणी

अंगणवाडीत प्रवेशासाठी जून महिन्याची वाट पाहावी लागत नाही. १० ऑगस्ट २०२२ रोजी जन्मलेले बालक १० ऑगस्ट २०२५ रोजी तीन वर्षांचे झाले, आणि त्याच दिवसापासून ते शाळापूर्व गटात बसण्यास पात्र ठरले. किंबहुना बहुतेक बालकांचे नाव जन्मापासूनच अंगणवाडीच्या नोंदवहीत असते. गरोदर मातेची नोंद, बाळाचे वजन, लसीकरण आणि घरपोच आहार या निमित्ताने ते बालक सेविकेला परिचित असते. तीन वर्षे पूर्ण होताच ते केवळ एका गटातून दुसऱ्या गटात जाते.

पूर्वप्राथमिक वर्ग असलेल्या शाळांची रीत निराळी आहे. राज्य शासनाने २०२० मध्ये ठरविल्यानुसार त्या शैक्षणिक वर्षातील ३१ डिसेंबर ही वयाच्या गणनेची तारीख आहे. या तारखेस तीन वर्षे पूर्ण होणारे बालक पूर्वप्राथमिकच्या पहिल्या वर्गात, तर सहा वर्षे पूर्ण होणारे बालक इयत्ता पहिलीत प्रवेश घेऊ शकते. उदाहरणार्थ, २०२५-२६ या वर्षी पूर्वप्राथमिकच्या पहिल्या वर्गासाठी बालकाचा जन्म ३१ डिसेंबर २०२२ पर्यंतचा असणे आवश्यक होते. अंगणवाडी व पहिली यांच्या या दोन मोजण्यांमुळे काही बालकांच्या वाट्याला मधला काही काळ रिकामा येऊ शकतो. सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत बालकाची जागा अंगणवाडीत आहे, हे पालकांना समजावून सांगितले पाहिजे.

कागदपत्रांचा प्रश्न

वयाचा पुरावा म्हणून जन्माचा दाखला सर्वांत सोयीचा, यात शंका नाही. मात्र दाखला नाही म्हणून बालकाला अंगणवाडीबाहेर ठेवण्यास आधार नाही. आरोग्य सेविकेची नोंद किंवा माता व बालसंरक्षण कार्ड यांवरून वय निश्चित करता येते. बालकाचे आधार कार्ड नसल्यास मातेच्या आधार क्रमांकावर लाभ देता येतो, असे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने स्पष्ट केलेले आहे.

अंगणवाडीची नोंद पुढेही उपयोगी पडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी कोणत्याही बालकाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. जन्मदाखला उपलब्ध नसल्यास रुग्णालयाची वा परिचारिकेची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा पालकाचे निवेदन ग्राह्य धरण्याची सोय या कायद्याखालील नियमांनी केलेली आहे. नोंदवहीत व्यवस्थित लिहिलेली एक ओळ गरीब मुलाच्या पुढील प्रवासात अशी कामी येते.

याच संदर्भात पंचायतींनी एका नव्या बदलाची दखल घ्यावयास हवी. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील सुधारणा १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. या तारखेस वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीच्या बाबतीत शैक्षणिक संस्थेतील प्रवेशासह अनेक कामांसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच वापरावयाचा आहे. ही पिढी ऑक्टोबर २०२६ पासून तीन वर्षांची होऊ लागते. घरी किंवा स्थलांतराच्या ठिकाणी झालेल्या जन्मांची नोंद राहून गेली असेल, तर ती आताच करून घेणे हिताचे आहे. २१ दिवसांच्या आत ही नोंद विनाशुल्क होते. एक वर्ष उलटल्यावर मात्र त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, आणि मजुरी बुडवून तालुक्याला खेपा घालणे गरीब पालकाला परवडत नाही.

वस्ती लहान, अंगणवाडी दूर

बालक पात्र आहे, परंतु वस्तीत अंगणवाडीच नाही, अशी स्थिती वाड्या-पाड्यांवर असू शकते. तीन वर्षांच्या मुलाने ओढा ओलांडून किंवा रहदारीचा रस्ता पार करून दोन किलोमीटर चालत जावे, ही अपेक्षा रास्त नव्हे.

केंद्र शासनाच्या निकषांप्रमाणे ग्रामीण व नागरी भागात ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असते. आदिवासी, डोंगराळ व दुर्गम भागात ही मर्यादा ३०० पासून सुरू होते. त्याहून लहान, म्हणजे किमान १५० लोकसंख्येच्या वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची तरतूद करण्यात आली होती. २०२३ पासून मिनी अंगणवाड्यांचे रूपांतर नियमित अंगणवाड्यांत करण्याचे धोरण अवलंबिण्यात आले आहे.

यापलीकडे एक महत्त्वाची तरतूद आहे, जिची माहिती पुष्कळ पंचायत सदस्यांना नसते. ज्या वस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० बालके आहेत आणि अंगणवाडी नाही, तेथील ग्रामस्थांनी वा झोपडपट्टीतील रहिवाशांनी मागणी केल्यास, मागणीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत अंगणवाडी मिळावी, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशात म्हटले आहे. मागणी तोंडी न ठेवता बालकांची नावे व जन्मतारखा यांची यादी जोडून ती बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे लेखी सादर करावी, आणि तिला ग्रामसभेच्या ठरावाचे पाठबळ द्यावे. तारीख नोंदलेला कागद हाती असला म्हणजे तीन महिन्यांची मुदत मोजता येते.

शाळांतील पूर्वप्राथमिक वर्ग

अंगणवाडीखेरीज काही महानगरपालिकांच्या व अन्य स्थानिक संस्थांच्या शाळांतही बालवाड्यांचे वर्ग चालतात. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील बालवाड्या हे त्याचे परिचित उदाहरण होय. अशा वर्गांत मुख्यतः वय व जागांची उपलब्धता पाहिली जाते.

तिसरा मार्ग विनाअनुदानित खाजगी शाळांतील २५ टक्के राखीव जागांचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार, शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास ही तरतूद त्या वर्गाच्या प्रवेशालाही लागू होते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. येथे मात्र वयाबरोबर इतर अटीही पाहिल्या जातात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग, अनाथ इत्यादी वंचित गटांतील बालकांना उत्पन्नाची मर्यादा नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असावे लागते. घर व शाळा यांमधील अंतर विचारात घेतले जाते आणि जागांपेक्षा अर्ज अधिक आल्यास सोडत काढली जाते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या नियमांत बदल करून, शासकीय किंवा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खाजगी शाळांना या जबाबदारीतून सूट देण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरविला व पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. त्यामुळे या शाळांतील राखीव जागांचा मार्ग पूर्ववत खुला आहे.

पात्र असूनही बाहेर

नियम इतके उदार असतानाही काही बालके बाहेर राहतात. त्यांत पहिला क्रमांक लागतो स्थलांतरित मजुरांच्या मुलांचा. बीड व शेजारच्या जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. गावच्या अंगणवाडीत या मुलांची नावे असतात, मुले नसतात. कारखान्याच्या तळावर मुले असतात, नावे नसतात. वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांचीही हीच अवस्था. वास्तविक मूल ज्या ठिकाणी प्रत्यक्ष राहते तेथील अंगणवाडीचा लाभ त्याला मिळावयास हवा. २०२१ पासून वापरात असलेल्या ‘पोषण ट्रॅकर’ प्रणालीत एका अंगणवाडीतून दुसरीत नोंद हलविण्याची सोयही आहे. कुटुंब निघण्यापूर्वी गावच्या सेविकेने कळविणे आणि ते पोहोचल्यावर तेथील ग्रामपंचायतीने तळाची पाहणी करणे, एवढी दोन्ही टोकांची जागरूकता असली तर त्या मुलाचे सहा महिने वाया जाणार नाहीत.

दुसरा गट दिव्यांग बालकांचा. त्याला काय समजणार, त्याला कोण सांभाळणार, अशा विचाराने पालक त्यांना घरीच ठेवतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर केली. बालकातील दोष लवकर ओळखणे, त्याला इतर मुलांबरोबर सामावून घेणे आणि आवश्यक तेथे आरोग्य यंत्रणेकडे पाठविणे, हे तिचे सूत्र आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत अशा बालकाला बाहेर ठेवण्याचे कारण नाही. वेळीच लक्ष गेल्यास ऐकण्याचा, बोलण्याचा वा चालण्याचा दोष पुष्कळ अंशी आटोक्यात आणता येतो. सहा वर्षे उलटल्यावर ही संधी बरीच निसटलेली असते.

तिसरा गट आहे पालकांच्याच गैरसमजामुळे मागे राहणाऱ्या मुलांचा. अंगणवाडी म्हणजे खिचडी, असे समीकरण अनेकांच्या मनात असते. गाणी, गोष्टी, रंग, मणी, माती व खेळ यांतून होणारे शिक्षण त्यांना शिक्षण वाटत नाही. प्राथमिक शिक्षकांनी या बाबतीत पालकांशी बोलावे. अंगणवाडीतून आलेल्या मुलाला पहिलीच्या वर्गात बसणे, ऐकणे आणि पेन्सिल धरणे सोपे का जाते, हे शिक्षकाइतके दुसरा कोणी अधिकाराने सांगू शकणार नाही.

पंचायतीपुढील काम

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. अंगणवाडीची गळकी खोली, पिण्याच्या पाण्याची सोय, लहान मुलांसाठी स्वच्छतागृह, खेळणी यांसाठी तिचा विनियोग करता येईल. परंतु खर्चाइतकेच महत्त्व मोजणीला आहे. वर्षातून दोनदा, म्हणजे जूनमध्ये आणि मजूर गाव सोडण्याच्या किंवा गावात येण्याच्या हंगामात, पंचायत सदस्य, अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती व मुख्याध्यापक यांनी मिळून घरोघरची यादी करावी. तीन ते सहा वर्षांची बालके किती, त्यांपैकी अंगणवाडीत किती, अन्य शाळेत किती आणि कोठेही नसलेली किती, एवढे चार आकडे ग्रामसभेत वाचून दाखवावेत.

यांतील चौथा आकडा निर्णायक होय. अंगणवाडीत पन्नास मुले आहेत, हे ऐकून समाधान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु नियमाने गावातील साठही मुले पात्र असतील, तर राहिलेली दहा कोणत्या घरांतील आहेत, हा प्रश्न विचारल्यावाचून पात्रतेच्या नियमाला अर्थ राहत नाही. त्या घरांची नावे कळली की पुढचे काम अवघड नसते. कोठे जन्माचा दाखला मिळवून द्यावा लागेल, कोठे सेविकेला एक फेरी अधिक घालावी लागेल, तर कोठे नव्या अंगणवाडीचा ठराव करावा लागेल.

मुलाने आपली पात्रता सिद्ध करावी, अशी अपेक्षा या व्यवस्थेत कोठेही नाही. त्याचे वय हीच त्याची पात्रता आहे. ते मूल शोधून अंगणवाडीच्या दारापर्यंत आणणे, ही मात्र गावाची व प्रशासनाची जबाबदारी आहे. तीन वर्षांचे मूल ग्रामसभेत येऊन आपली तक्रार मांडू शकत नाही. त्याच्या वतीने बोलण्याचे काम पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनीच करावयाचे आहे.